वनमाला परब उभी राहते

वनमाला परब निवडणुकीला पहिल्यांदा उभी राहिली ती पंच्याऐंशीच्या विधानसभेला, अपक्ष. घाटकोपरच्या डोंगरावर पत्र्याच्या घरांची सगळ्यात वरची रांग, तिथे ती राहायची. नवरा दशरथ संपानंतर गिरणी सुटली तसा एका रंगाच्या गोडाऊनमध्ये लागला होता. वनमाला खालच्या बिल्डिंगींत पोळ्या लाटायला जायची आणि परत येताना पायथ्याच्या नळावरून हंडा डोक्यावर घेऊन डोंगर चढायची. डोंगरावरच्या सगळ्याच बायका तेच करायच्या.

शेजारची कमल भरल्या हंड्यासकट घसरली. सातवा महिना होता, मूल गेलं. त्याच आठवड्यात वनमालाने बायका जमवल्या आणि आमदाराच्या कचेरीत नेल्या. तिथला माणूस चहाचा कप खाली न ठेवताच म्हणाला, "तुमच्या डोंगरावरून मतं पडतात किती? मतं देत नाही आणि पाणी मागता."

"मग यंदा मी उभी राहते. बघू पडतात का," वनमाला म्हणाली.

बायका हसल्या. तो माणूसही हसला. ती मात्र दुसऱ्याच दिवशी अर्ज कुठे भरतात ते विचारत फिरली.

"वेडी झालीस काय?" दशरथ भडकला. "ती माणसं कोण आहेत ठाऊक आहे ना?"

सासू द्रौपदी कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. "भरांदे रे तिका," ती म्हणाली. "हंडो उचलूक तू जातंस काय?"

अर्ज भरायला दशरथच तिच्याबरोबर गेला.

माघार घ्यायच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी आमदाराच्या पक्षाचे मधुकरराव डोंगर चढून आले. धापा टाकत ओट्यावर बसले, पाणी प्याले. मग समजुतीने म्हणाले, "वनमालाताई, तुम्ही निवडून येणार नाही, उगाच आमची मतं फोडाल. माघार घ्या. नळाची लाइन वरपर्यंत आणायचं माझ्याकडे लागलं."

ते गेल्यावर ओट्यावर बायकांची गर्दी झाली. लहानपणापासूनची मैत्रीण रत्नप्रभा पुढे सरली. "वने, नळ मिळतोय ना? घे ना मग! आमदार होऊन तरी तू दुसरं काय करणार होतीस?"

रत्नप्रभाचं खोटं नव्हतं.

सकाळी ती पोळ्यांना न जाता मधुकररावांकडे गेली. "पाइप कधी टाकायला घेता?"

"निवडणूक होऊ दे. मंजुरी असते, सर्व्हे असतो. वेळ लागतो हो."

"आणि माघार?"

"ती आज तीनच्या आत."

"म्हणजे मी आज द्यायचं आणि तुम्ही कधीतरी," वनमाला म्हणाली. "नाही जमणार." आणि ती उठली.

रत्नप्रभाने तिच्याशी बोलणं टाकलं. "हिच्या हट्टापायी आलेलं पाणी गेलं," असं ती नळावर सगळ्यांना ऐकवायची. वनमाला ऐकायची, हंडा भरायची, वर जायची. तिला शिडी ही निशाणी मिळाली होती. दशरथने गोडाऊनमधला उरलासुरला रंग मागून आणला आणि घराघराच्या पत्र्यावर शिडी काढली. संध्याकाळी ती बिल्डिंगींचे जिने चढायची. ज्यांच्याकडे पोळ्या करायची, त्या नीलाबाईंनी दार उघडून विचारलं, "अगं, तू विधानसभेत जाऊन बोलणार काय?"

"हेच. मुलं पोटात असताना आमच्या बायका डोंगर चढतात, ते."

नीलाबाईंनी तिला आत घेतलं आणि मजल्यावरच्या बाकीच्या बायकांनाही बोलावलं.

ती हरली. चौथी आली, अनामतही गेली. पण मोजणीच्या टेबलावर डोंगरावरच्या पेट्या उघडल्या तेव्हा शिडीवरच्या शिक्क्यांचा ढीग बाकी सगळ्यांपेक्षा उंच झाला. समोर बसलेले मधुकरराव मान वाकडी करून तो बघत राहिले.

संध्याकाळी रत्नप्रभा दारात येऊन उभी राहिली. "मी दिलं नाही गं तुला मत," ती म्हणाली.

"ठाऊक आहे," वनमाला म्हणाली. "सोमवारी नव्या आमदाराकडे जायचंय. येशील?"

सोमवारी रत्नप्रभा तिच्याबरोबर गेली. त्या वेळी कचेरीत बायकांना खुर्च्या मिळाल्या. तरी नळ यायला पुढची दोन वर्षं आणि तीन मोर्चे लागले, आणि आला तोही अर्ध्या डोंगरापर्यंतच. खालच्या रांगांत पेढे वाटले गेले. वरच्या रांगेतल्या बायकांना घेऊन वनमाला दुसऱ्या दिवशी पुन्हा कचेरीची वाट उतरली.