दगडावरचं अकॉर्डियन

आमच्या गावात बायको गेली की नवरा तिच्या कबरीच्या दगडावर स्वतःचंही चित्र कोरून घेतो, जन्मसाल घालतो आणि पुढची जागा मोकळी सोडतो. रोसांदाकाकू गेल्यावर आमच्या शेजारच्या ताडियाकाकांनीही तेच केलं. चूक झाली ती फोटोत.

काकांचा हसरा फोटो जगात एकच होता. पुतण्याच्या लग्नात वाजवणारा स्तानोये जेवायला उठला आणि त्याने अकॉर्डियन काकांच्या गळ्यात अडकवलं, तेव्हाचा. कोरणाऱ्याने तो इमानेइतबारे उतरवला. काळ्या ग्रॅनाइटवर काकू, आणि शेजारी पूर्ण उंचीचे काका, गळ्यात अकॉर्डियन. ज्या माणसाला शीळही धड घालता येत नव्हती, तो कायमचा वादक होऊन बसला.

पितरांच्या शनिवारी सगळं गाव उकडलेले गोड गहू आणि आलुबुखाराची दारू घेऊन कबरींवर जातं. त्या वर्षी सगळेच काकांच्या दगडापुढे थांबले.

"काका, एखादं होऊन जाऊ द्या," खाटीक म्हणाला. "का मेल्यावरच वाजवणार?"

काका तडक कोरणाऱ्याकडे गेले.

"दगड पुसता येत नाही," तो म्हणाला. "फार तर त्याची सूटकेस करून देतो."

"सूटकेस घेऊन मी कुठे निघालोय?"

"सगळे जातात तिथेच की."

संध्याकाळी मी सूप घेऊन गेले, तर काकांनी विचारलं,

"रोसांदा मला काय म्हणायची, आठवतं?"

न आठवायला काय झालं. भिंतीपलीकडून तीस वर्षं ऐकत होते. ताडिया, तुझं एक काम शेवटाला जाईल तर शपथ. अंगणात अर्धी भट्टी, डोक्यात अर्धं जर्मन, आणि मधमाश्यांच्या सहा पेट्या, ज्यांत मधमाशी कधी आलीच नाही.

"मला वाटायचं, वेळ मिळत नाही," काका म्हणाले. "खोटं गं. लोक हसतील म्हणून सोडून द्यायचो. आता सगळं गाव हसून झालंय. अजून काय हसणार?"

"मग?"

"मग शिकतो. तिच्या शेजारी खोटारडा म्हणून नाही झोपायचं मला."

स्तानोयेने हिवाळाभर शिकवलं. काकांची बोटं लाकूड तोडून जाडजूड झालेली. एक पट्टी दाबायला गेले की तीन दबायच्या. माझा कुत्रा रडायचा. कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं. मी तसं सांगितलं तर म्हणाले, "थंडीमुळे असेल." कबरीवर मात्र ते काकूंची माफी मागून दगडाकडे पाठ करूनच फुलं ठेवायचे.

फेब्रुवारीत त्यांनी अकॉर्डियन खोक्यात घातलं आणि वर सुतळी बांधली. म्हटलं, झालं, सातवी पेटी. मला मनापासून वाईट वाटलं. दोन दिवसांनी सकाळी कुत्रा पुन्हा रडला, आणि मी त्याला चक्क हाड दिलं.

पुढच्या पितरांच्या शनिवारी काका दगडापुढे खुर्ची टाकून बसले. काकूंचं आवडतं गाणं निम्म्यावर अडकलं. खाटीक खोकला. काकांनी पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकलं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. तिसऱ्यांदा मात्र ते गाणं शेवटापर्यंत पोचलं, वाटेत बरंच काही सांडत. खाटकाने मुकाट्याने त्यांचा प्याला भरला. मी रडले, लाज कसली त्यात.

काकांनी वर्षभरात पहिल्यांदा दगडाकडे नीट पाहिलं. मग आपल्या हातांकडे, मग परत दगडाकडे.

"स्तानोये, दगडावर मी हे उलटं धरलंय की. पट्ट्या डाव्या हाताला."

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तेव्हा सांगितलं असतं तर शिकला असतास?"

"नसतो शिकलो," काका म्हणाले, आणि अगदी त्या फोटोतल्यासारखे हसले.

कोरणारा मागेच उभा होता. ओशाळून म्हणाला, "सूटकेस अजूनही करता येईल."

"राहू दे," काका म्हणाले. "तिने लग्न याच्याशीच केलं होतं. दुसरा कुणी दिसला तर ओळखायची नाही."