दिवाळीच्या पोताऱ्याखालची भेग

चांद्यात जुनी माणसं अजून सांगतात, की त्या धानाच्या व्यापाऱ्यानं घराची भेग लपवून दोन विमा कंपन्यांना फसवलं. ते खोटं आहे. ती भेग मला दाखवली होती.

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं होत आली होती. मी विम्याचा एजंट होतो. गावाखाली जुन्या कोळसा खाणींची पोकळी, म्हणून आगीच्या विम्याला जमीन खचण्याचं कलम जादा हप्ता घेऊन जोडत. त्या व्यापाऱ्याला आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. त्यांचा विमा दुसऱ्या कंपनीकडे होता. मी मागे लागून तो माझ्या कंपनीकडे आणला. घर पाहताना त्यांच्या बायकोनं धानाच्या कणगीमागची बारीक भेग दाखवली.

"हे पाहून घे, बाबू."

"पोपडा आहे, बाई," मी म्हणालो आणि अर्जात काही लिहिलं नाही. मला कमिशन हवं होतं.

दिवाळीला बाईंनी दरवर्षीसारखा भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा दिला. भेग बुजली. उन्हाळ्यात मागची खोली एका बाजूनं खाली बसली आणि तीच भेग हात जाईल एवढी उघडली.

भाऊंनी भरपाई मागितली, तर माझी कंपनी म्हणाली, खचणं आमच्याआधी सुरू झालं. जुनी म्हणाली, खोली तुमच्या काळात बसली. दोघींनी बजावलं, पाहणीआधी भिंतीला हात लावू नका. टेकू न लावता पाऊस लागला असता, तर खोली गेलीच असती. मी दोन्ही कंपन्यांचा पिच्छा पुरवला आणि त्यांचे सर्वेअर एकाच दिवशी त्या भिंतीसमोर उभे केले.

आमच्या सर्वेअरनं भेगेच्या कडेची माती नखानं खरवडली. "हे मुद्दाम बुजवलंय. माहिती लपवली, दावा बाद."

जुन्या कंपनीच्या माणसानं मान डोलावली. त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

बाई म्हणाल्या, "पोतारा दिला जी. दिवाईले का घर तसंच ठेवाचं? तुमच्या घरी नाई देत का?"

"विमा घेताना एजंटाला भेग दाखवली होती?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "नाई. त्याले का मालूम?"

मला वाचवण्यासाठी त्या आपलं घर घालवत होत्या.

"दाखवली होती," मी म्हणालो. "मीच लिहिली नाही."

एजंटाला दाखवलं म्हणजे कंपनीलाच दाखवलं. आता माझ्या कंपनीला माहीत नव्हतं म्हणता येईना, आणि भेग जुनी, म्हणून जुन्या कंपनीला हात झटकता येईनात. दोघींनी निम्मा निम्मा भार घेतला. भाऊंना दोन उंबरठे झिजवायला नकोत, म्हणून आधी सगळं माझ्या कंपनीनं द्यायचं आणि निम्मं जुनीकडून मागून घ्यायचं, असं ठरलं. पावसाआधी टेकू लागला. माझी एजन्सी गेली.

"कमिशन बुडालं न, बाबू?" भाऊ म्हणाले. "आता आमच्या इथी धान मोज."

मी मोजू लागलो. दुकानात लोक विचारत, "भाऊनं भेग लपवली म्हणे?" त्या खोलीत खरं बोललेला मी तिथं मात्र पोत्यांकडे पाहत गप्प राहायचो. बोललो असतो, तर चूक माझी हे कळल्यावर बाजारात दुसऱ्या कोणी मला कधी काम दिलं असतं?

भाऊ गेले, बाई गेल्या. खोली उभी आहे. त्यात त्यांचा नातू राहतो. परवा त्यालाही कोणीतरी तेच ऐकवलं. म्हणून हे लिहून काढलं. हे मी आधी त्याला वाचून दाखवणार आहे, मग धानाच्या बाजारात, त्याच दुकानासमोर उभं राहून.