वरच्या काकांचा उजवा हात

"हाताला कळतं की, ताई," असं म्हणून आमच्या वरच्या मजल्यावरचे काका उजवा तळवा पँटला पुसायचे. तो पुसला की समजायचं, आता हे कुणाचं ऐकणार नाहीत.

चाकणच्या एका कंपनीत ते मेंटेनन्स फिटर. तीस वर्षं प्रेस मशीनच्या धडधडीत काढून कान जवळजवळ गेलेले, त्यामुळे सगळा भरवसा हातावर. मशीनवर तळवा ठेवून आत काय घासतंय ते सांगायचे म्हणे. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असतील असे एक, प्लंबरला गेटवरूनच परत पाठवणारे. आमच्या मोशीच्या सोसायटीत त्यांनी माझा नळ एकदा असा आवळून दिला, की तो उघडायलाही त्यांनाच बोलवावं लागलं. वर म्हणाले, "गळतोय का? नाही ना?"

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल, रविवारची दुपार. काकू लेकीकडे गेलेल्या. काकांनी बाथरूममधला गरम पाण्याचा नळ बदलायला घेतला. गच्चीवरच्या सोलरपासून पाच लाइनी खाली येतात. पाणी बंद करायचे पाच कॉक, एकावरही नाव नाही. यांनी पाइपांवर हात ठेवून आपला म्हणून बंद केला तो भलताच कॉक. भर उन्हात पाचही पाइप तापलेले, हात काय कपाळ ओळखणार! त्यात जुना नळ काढण्याआधी भिंतीतला प्लास्टिकचा जोड लोखंडाचा असल्यासारखा आवळला. अजून अर्धा आटा, अजून अर्धा आटा, आणि जोड भिंतीतच तडकला.

खाली आमच्या बेडरूमच्या भिंतीवरून वाफाळतं पाणी ओघळायला लागलं. त्याच भिंतीला आईच्या ऑक्सिजनच्या मशीनचा प्लग. मी मेन स्विच पाडला. मशीन थांबलं. घाईघाईने छोटा सिलिंडर लावला, तर काटा लाल पट्टीवर. तो भरून आणायचं माझं काम, आणि मी विसरले होते. आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. आईला बोलायलाही श्वास पुरत नव्हता. तिने नुसतं बोट वर केलं, जा म्हणून.

वरचं दार उघडंच होतं. काका टॉवेलचा बोळा उजव्या तळव्याने भिंतीत दाबून उभे होते. चेहरा लालबुंद. बोटांतून कढत पाणी निथळत होतं, पण धार त्यांनी अडवली होती. मी हात काढायला सांगितलं.

"खाली मावशी आहेत," ते म्हणाले; माझ्या आईला ते मावशी म्हणायचे. "गच्चीची किल्ली डाव्या खिशात. पाची कॉक बंद करा. माझा कुठला ते बघत बसू नका."

त्यांच्या खिशात हात घालून किल्ली ओढली आणि गच्चीवर पळाले. ओढणीने धरून एकेक कॉक फिरवला. चौथा हलेचना. त्याला लोंबकळले, देवाचं नाव घेतलं, काकांना शिव्याही घातल्या. शेवटी फिरला.

खाली येऊन ओरडले, बंद झालं. त्यांना ऐकू गेलं नाही. समोर जाऊन खुणेने सांगितलं. पाणी थांबलं होतं, तरी हात भिंतीवरच.

"मावशींचं मशीन?"

मी घरी धावले. आईचे ओठ निळसर झाले होते. आता कुठे डोकं चाललं; बेडरूमची लाइन बंद ठेवून हॉलमधली चालू केली, मशीन आणि आई दोघांना तिकडे ओढलं. पाच मिनिटांनी तिने मान हलवली. मग पुन्हा वर जाऊन काकांना सांगितलं, तेव्हा त्यांनी हात काढला. टॉवेलबरोबर कातडी आली.

जखम भरली, पण तळवा मेणासारखा गुळगुळीत आणि बधिर झाला. कंपनीने त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. मला त्यांचा भयंकर राग यायचा आणि त्यांना बघून रडूही यायचं, दोन्ही एकदम. पुढे त्यांनी पाचही कॉकवर रंगाने फ्लॅट नंबर घातले. काही दुरुस्त करायला घेतलं की मला हाक मारायचे, "ताई, जरा हात लावून सांगा, घट्ट बसलं का?" मी बस म्हटलं की तिथेच थांबायचे.

रिटायर होऊन गेल्या दिवाळीनंतर ते लातूरकडे गावी गेले. निघताना आईच्या पाया पडले आणि तिच्या मशीनवर उजवा तळवा ठेवून उभे राहिले. ते मशीन केवढं थरथरतं! बराच वेळ त्यांनी हात ठेवला. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "चालू आहे ना?"

आईने त्यांचा डावा हात धरला आणि मशीनवर ठेवला. त्या हाताला थरथर कळली, तेव्हा काकांनी पिशव्या उचलल्या.