मला प्रणालीसमोर बसवणाऱ्या वाघमारेबाई

आदरणीय सुमन वाघमारेबाईंची आणि माझी पहिली भेट चिखलीच्या शाळेत झाली. मी गणिताची शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा मुख्याध्यापिका असूनही त्या मला वर्गापर्यंत सोडायला आल्या. "आधी मुलांची नावं पाठ करा," एवढेच म्हणाल्या.

बाईंना साठ वर्षे पूर्ण होत असताना त्यांच्याविषयी अनेक जण गोड लिहितील. मला माझा गुन्हा लिहायचा आहे.

आठवीतली प्रणाली वेण्या न घालता आली, म्हणून प्रार्थनेच्या वेळी सर्वांदेखत मी कात्रीने तिचे केस कापले. मी असे केले, यावर आजही माझाच विश्वास बसत नाही. दुसऱ्या दिवसापासून ती येईना. आले ते तिचे आईवडील, मूळचे मराठवाड्यातले, दोघेही कुरुळीच्या कंपनीत कामाला.

"पोरीच्या आईची पहिली शिफ्ट. सकाळी वेणी घालायला घरात कोण हाय?" वडील म्हणाले. "आमी तक्रार करणार."

संस्थाचालकांना आम्हाला समोरासमोर बसवून, तक्रार होऊ न देता प्रकरण मिटवायचे होते. बाईंनी साफ नकार दिला. "तक्रार हा त्यांचा हक्क आहे. समोरासमोर बसणं त्याच्या बदल्यात नाही." प्रणालीची तयारी आहे का, हे तिलाच विचारून मग त्यांनी आम्हाला एकत्र बसवले.

पहिल्यांदा बोलल्या त्या बाईच. "मी व्हरांड्यात होते. सगळं पाहिलं आणि ऑफिसात निघून गेले. प्रणाली, माझं चुकलं."

हे कोणालाच ठाऊक नव्हते.

प्रणाली माझ्याकडे न बघता म्हणाली, "केस वाढतील. पण पोरी हसल्या तवा तुमीबी हसलात, बाई."

मी हसल्याचे मला आठवतही नव्हते.

"तुला काय हवंय?" बाईंनी विचारले.

"माझं काई चुकलं नव्हतं, हे सगळ्यांसमोर सांगा."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला मी ते सांगितले. तक्रार झालीच. चौकशीत मला लेखी ठपका मिळाला; बाईंनी स्वतःविरुद्धही जबाब दिला. त्याच संध्याकाळी त्या रहाटणीला माझ्या घरी डबा घेऊन आल्या आणि मी जेवेपर्यंत बसून राहिल्या.

प्रणाली शाळेत परतली, दहावी झाली. माझ्याशी मात्र कामापुरतेच बोलली. मी बाईंपाशी रडले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्हाला माफ करणं तिला कदाचित कधीच जमणार नाही. तुम्ही नीट शिकवत राहा."

बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आम्हा शिक्षकांवर पुन्हा अशी वेळ न येवो. आलीच, तर समोर बसवायला बाई असोत.