नऊ तासांवर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या मावशीचे. आई गेल्यावर तिनं मला मालवणात आपल्या घरी आणलं आणि बाजारात मासे विकून शिकवलं. आमच्या घरात पहिला पदवीधर मी. तिला स्वतःला अक्षरही वाचता येत नव्हतं.

तिचा नवरा होडीवर असे. त्यामुळे आमच्याकडे अंतर मैलांत कधी मोजलंच नाही. मासे दोन तासांवर मिळाले, बंदर अर्ध्या तासावर राहिलं, असंच बोलणं. मला लंडनला नोकरी लागली तेव्हा मी नकाशा उघडून मुंबईपासून सात हजारांवर किलोमीटर असं काहीतरी सांगू लागलो. तिनं हात झाडला.

"तासांत सांग रे."

"विमानाला नऊ-साडेनऊ तास."

"मगे मुंबयपेक्षा जवळच झाला! मुंबयक आपली एसटी बारा तास खाता. आणि तू तोंड पाडून बसलंस!"

ती हसली. रजा, तिकीट, विमानतळावरचं ताटकळणं, मुंबईहून कुडाळपर्यंतची रेल्वे, यातलं काहीच बोललो नाही. तिला बरं वाटलं आणि खरं सांगायचं तर मलाही. पुढे ती बाजारात सगळ्यांना पोटच्या मुलाबद्दल सांगावं तसं सांगे, "आमचो झील नव तासांर आसा."

गेल्या वर्षी तिला धाप लागू लागली. शेजारच्या निवृत्त शिक्षिका बाई मला फोन करणार होत्या. मावशीनं त्यांना अडवलं.

"बाईंनू, इतक्यात नको. तेचा काम मोडतला. नवच तासांर आसा, सांगलात की येतलो."

बाई चार दिवस थांबल्या. पाचव्या दिवशी सकाळी मावशी आपण होऊन म्हणाली, "आता बोलवा." संध्याकाळी तिनं विचारलं, "कितके तास झाले?" बाई म्हणाल्या, दहा. मावशी दाराकडे बघत राहिली. त्या वेळी मी अजून लंडनमध्येच, तिकिटाच्या खटपटीत होतो.

ती दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. मी तिसऱ्या दिवशी सकाळी पोचलो.

बाईंनी तिच्या उशाखालचं माझं पत्र हातात दिलं. फोनवर तिला नीट ऐकू येत नसे, म्हणून लंडनला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ते लिहिलं होतं. बाईंकडून पुन्हा पुन्हा वाचून घेऊन त्याच्या घड्या फाटल्या होत्या.

तीर्थस्वरूप मावशीस साष्टांग नमस्कार.

मी सुखरूप पोचलो. तू म्हणालीस तसंच झालं. विमानात बसलो, जेवलो, जरा झोपलो आणि उतरलो. खोली लहान आहे, पण ऊब आहे. इथे बांगडा मिळतो, पण बर्फातला. तू बघितलास तर विकणाऱ्याला शिव्या घालशील. माझी काळजी करू नकोस. तुला काही दुखलं-खुपलं तर बाईंना फोन लावायला सांग. नऊ तासांत दारात उभा राहतो.

तुझा झील