सावकाश वड

गिरणीतून आणलेल्या दळणाचा डबा उघडला, की गरम पिठाच्या वासासरशी मला थोरली जाऊ आठवते. मुळशीकडच्या त्या गावात मी नवी नवरी होते आणि पहाटे आम्ही दोघी एकाच जात्याला बसायचो. मी घाईनं ओवी जुळवायला जायचे, तेव्हा ती खुंट्यावरचा माझा हात दाबून म्हणायची, "सावकाश वड गं. घाई क्येली की पीठबी भरड आन ओवीबी." मग जातं हळू घरघरायचं, शब्द आपसूक यायचे आणि जीव हलका व्हायचा. एका दिवाळीला माझा भाऊ मला न्यायला आला नाही, तेव्हा कितीतरी पहाटा घोळवून मी एक ओवी केली: "दिस मावळला बाई, वाट रानात हारपली, बंधवाची गं घोंगडी कोना दारी आंथरली." ती फक्त तिलाच ऐकवली. पुढं नणंदेच्या लग्नाची हळद दळायला बाया जमल्या. माझी पाळी यायच्या आत जावेनं तीच ओवी भराभरा म्हणून टाकली. बायांनी डोळ्यांना पदर लावले. तिचा भाऊ तर तिथंच मांडवात पान खात बसला होता. ओवी कुणा एकीची नसते, त्यामुळं तक्रार तरी काय करणार? संध्याकाळी मी इतकंच विचारलं, "माजीच का?" ती म्हणाली, "तुला काय, दुसरी सुचंल." त्यानंतर मी जात्यावर गप्पच बसायचे. आता वहीत लिहिते. लेखणी धावायला लागली की हात हळू करते आणि लिहिण्यात पुन्हा गोडी येते. पण 'सावकाश वड' म्हणणारा आवाज अजून तिचाच असतो.