मीठ न झोंबलेली जखम

एडवणचा नामदेव पागधरे भलता संशयी. सख्ख्या भावाने जाळ्याला मारलेली गाठही हा दोनदा ओढून बघणार. असा हा शहाणा माणूस स्वतःच्या फोटोच्या जागी गुलाबाचं फूल लावलेल्या कुणा ज्ञानेशवर मात्र डोळे मिटून भरवसा ठेवायचा. या ज्ञानेशला त्याने जन्मात पाहिलेलं नव्हतं. तो फोनमधल्या 'घरचा वैद्य' नावाच्या ग्रुपवर होता आणि तिथे चाळीस हजार रिकामटेकडे एकमेकांची दुखणी चघळत बसलेले असत.

गेल्या फेब्रुवारीत मासळी खारवायच्या शेडमध्ये नामदेवच्या उजव्या पायाच्या दोन बोटांना शिंपला लागून जखम झाली. तिथली जमीन मिठाने कायम ओली. साधा ओरखडा असला तरी माणूस एका पायावर नाचतो. नामदेव त्या मिठात अनवाणी दिवसभर उभा राहिला आणि त्याला जरासुद्धा झोंबलं नाही. झालं, गडी छाती काढून गावभर फिरला. त्याची बायको जमना मात्र चरकली. तीस वर्षं तिचे हात त्याच मिठात गेले होते.

"डाक्टरला दाखवा," ती म्हणाली. "मीठ झोंबत नाय म्हंजे पायात जीव नाय."

"तुला काय कळतंय? डाक्टर बघायच्या आधी सुई काढतो."

मग त्याने पायाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मीठ लागलं तरी झोंबत नाही. चांगलं की वाईट?' तासाभरात साठ उत्तरं. एकाने हळद सांगितली, दुसऱ्याने तुरटी. एक बाई म्हणाली जखम झाका, दुसरी म्हणाली उघडी ठेवा. एका बिचाऱ्याने दवाखान्यात जायला सांगितलं, तर त्याला औषध कंपन्यांचा दलाल ठरवून सगळ्यांनी हाकलला. शेवटी ज्ञानेश उगवला. 'झोंबत नाही म्हणजे जखम आतून भरतेय. तुमचं रक्त शुद्ध आहे, दादा.'

रक्त शुद्ध आहे म्हटल्यावर नामदेव पाघळलाच. पंधरा दिवस त्याने हळद, तुरटी आणि कोरफडीचे लेप थापले. बोटं काळी पडली, तरी ज्ञानेशच्या मते तो विकार बाहेर येत होता. पुढे वास सुटला. मासळीच्या घरात वेगळा वास कुणाला कळणार, असा नामदेवचा हिशेब. पण जमनाने जन्मभर मासळी नाकाने पारखलेली. तिने त्याला काही विचारलं नाही. दीर अंकुशला हाक मारली, दोघांनी त्याला रिक्षात कोंबला आणि पालघरला नेलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर चारशेच्या वर.

"पायाला कळायचंच बंद झालंय," ते म्हणाले. "दोन बोटं काढावी लागतील, नाहीतर पाय जाईल. पंधरा दिवस आधी आला असतात तर मलमपट्टीवर भागलं असतं."

नामदेव मान खाली घालून ऐकत होता. आता तरी याचे डोळे उघडतील, असं जमनाला वाटलं. भोळी बाई.

बोटं काढून घरी आल्यावर चौथ्याच दिवशी पाय उशीवर ठेवून त्याने फोन हातात घेतला. मनोरच्या कुणा दीपालीने वडिलांच्या तळपायाचा फोटो टाकला होता. 'बाबांचा पाय भाजला, पण त्यांना कळलंच नाही. उद्या डॉक्टरकडे न्यायचंय. नेऊ ना?'

जमना त्याच्या खांद्यावरून वाचत होती. "लिवा," ती म्हणाली. "उद्या नको, आजच न्या म्हणावं."

नामदेव मन लावून लिहू लागला. 'स्वतः भोगलंय म्हणून सांगतो. पंधरा दिवस घरी उपचार केले, दहाच्या दहा बोटं जाग्यावर होती. एक दिवस डॉक्टरकडे गेलो, दोन गेली. नेऊ नका.'

जमनाने फोन हिसकावला तोवर उत्तर आलं होतं. 'बरं झालं सांगितलंत, काका. उद्याचं रद्द करते.'